मिसिसिपीच्या उगमाची राखण

शरद ऋतू लागला की इटास्काच्या जंगलात पांढऱ्या पाइनच्या रोपांना कागदी टोप्या घातल्या जातात. हाताच्या पंजाएवढा कागद कोवळ्या शेंड्याभोवती गुंडाळायचा, स्टेपलरची पिन मारायची आणि पुढच्या रोपाकडे वळायचं. हिवाळ्यात सगळं बर्फाखाली गेलं की भुकेली हरणं हे शेंडे खातात, आणि शेंडा गेला की रोपाची उभी वाढ खुंटते. म्हणून रोप हरणाच्या तोंडापेक्षा उंच होईपर्यंत दर वर्षी हे काम करावं लागतं. ती टोपी घातलेलं कमरेएवढं रोप आणि त्याच्या मागे उभा असलेला, अडीचशे वर्षं पाहिलेला लाल पाइन एकाच नजरेत मावतात, तेव्हा या उद्यानाची सगळी गोष्ट समोर उभी राहते. इथलं जंगल आपोआप टिकलेलं नाही. ते राखलेलं आहे.

इटास्का स्टेट पार्क अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या उत्तर भागात आहे. मिनीअ‍ॅपलिसहून मोटारीने निघालं की साधारण चार तासांत इथे पोचता येतं. क्षेत्र ३२,००० एकरांहून अधिक, त्यात लहानमोठी शंभराहून जास्त तळी, आणि सगळ्यांत महत्त्वाचं इटास्का सरोवर. याच्या उत्तर टोकातून मिसिसिपी नदी बाहेर पडते.

नदीच्या उगमाला जाणं मराठी माणसाला नवं नाही. गोदावरीसाठी आपण त्र्यंबकेश्वरचा ब्रह्मगिरी चढतो, कृष्णेसाठी क्षेत्र महाबळेश्वरला गोमुखाखाली ओंजळ धरतो. इथे देऊळ नाही, घंटा नाही. काठावर झाडाचं एक जाडजूड खोड रोवलंय आणि त्यावर पिवळ्या अक्षरांत लिहिलंय की समुद्रसपाटीपासून १,४७५ फूट उंचीवर निघालेली ही नदी २,५५२ मैल वाहत मेक्सिकोच्या आखाताला मिळते. त्या खोडाशेजारी ती जेमतेम वीस फूट रुंद आणि गुडघाभर खोल. लहान मुलं दगडांवरून उड्या मारत ती पार करतात, म्हाताऱ्यांना कुणीतरी हात देतं. पँट दुमडून पाण्यात उतरलेल्या माणसांच्या चेहऱ्यावर जो भाव असतो, तो मी त्र्यंबकला कुशावर्ताच्या पायऱ्यांवर पाहिलेला आहे. गंमत म्हणजे दक्षिणेच्या समुद्राला जायला निघालेली ही नदी आधी उत्तरेला वाहते. बेमिजी गावाजवळ ती पूर्वेकडे वळते आणि मग कुठे दक्षिणेचा रस्ता धरते. इथल्या थेंबाला आखातापर्यंत पोचायला सुमारे नव्वद दिवस लागतात, असं सांगतात.

या काठावर माणसाचा वावर फार जुना. सुमारे ८,००० वर्षांपूर्वी इथे रानगव्यासारख्या बायसनची शिकार करणाऱ्या लोकांच्या खुणा सापडल्या आहेत. पुढे हा मुलूख ओजिब्वे लोकांचा झाला. त्यांच्या भाषेत या सरोवराचं नाव एल्क हरणावरून पडलेलं होतं. १८३२ साली मिसिसिपीचा उगम शोधत हेन्री स्कूलक्राफ्ट इथे आला तो ओझाविंदिब या ओजिब्वे वाटाड्याच्या मागोमाग. ज्याला शोध म्हटलं गेलं, ती ओझाविंदिबच्या पायाखालची वाट होती. स्कूलक्राफ्टने सरोवराला नवं नाव दिलं. लॅटिनमधले सत्य आणि शिर या अर्थांचे दोन शब्द त्याने घेतले, ‘व्हेरिटास’ आणि ‘कापुट’. पहिल्याचं शेपूट ‘इटास’ आणि दुसऱ्याचं तोंड ‘का’ जोडून ‘इटास्का’ झालं. नदीचं खरं मस्तक, असा त्याचा अर्थ.

तरीही खरा उगम नेमका कोणता, हा वाद पुढे बरीच वर्षं चालला. तो मिटवण्यासाठी १८८०च्या दशकाच्या अखेरीस जेकब ब्राउअर इथे मोजणी करायला आला. त्याने मोजणी केली, पण त्याच्या मनात घर केलं ते दुसऱ्याच गोष्टीने. मिनेसोटातले पाइन झपाट्याने आडवे होत होते आणि कुऱ्हाडी इटास्काच्या दिशेने सरकत होत्या. ब्राउअर विधिमंडळाच्या मागे लागला. २० एप्रिल १८९१ रोजी कायदा झाला आणि इटास्का मिनेसोटाचं पहिलं स्टेट पार्क ठरलं. तो कायदा मंजूर झाला अवघ्या एका मताने. हात वर करताना एखादा सदस्य कचरला असता, तर आज इथे काय दिसलं असतं याची कल्पना करवत नाही.

कायदा झाला म्हणून जंगल वाचलं, असंही नाही. आतल्या बऱ्याच जमिनीची मालकी लाकूड कंपन्यांकडे होती आणि ती विकत घ्यायला पुरेसा पैसा नव्हता. १९२०च्या सुमारापर्यंत तोड चालूच राहिली. ओंडके प्रवाहातून वाहून नेता यावेत म्हणून सरोवराच्या तोंडाशी बांध घातला गेला होता. तुंबलेलं पाणी काठावर चढे आणि झाडं उभ्या उभ्या कुजत.

१९०३ साली उद्यानाचे आयुक्त वारले आणि त्यांच्या मुलीकडे, मेरी गिब्ज हिच्याकडे, कारभार आला. ती तेव्हा चोवीस वर्षांची होती. बायकांना मतदानाचा हक्कही नव्हता, असा तो काळ. मेरी बांधावर गेली आणि दारं उघडून पाणी सोडा, असं तिने बजावलं. तिथल्या माणसाने बंदुकीची धमकी दिली. दाराच्या दांड्याला हात लावेल त्याला गोळी घालीन म्हणाला. मेरीने दांड्यावर हात ठेवला. तिचा अधिकार थोडेच दिवस टिकला, पुढे आयुक्तपद दुसऱ्याकडे गेलं. पण उगमाजवळच्या माहिती केंद्राला आज मेरी गिब्जचं नाव आहे, आणि तिथून नदीकडे जाणारा प्रत्येक माणूस त्या नावाखालून जातो.

खुद्द उगमाचं रूपही माणसाच्या हातचं आहे. १९३०च्या दशकात मंदीने बेकार झालेल्या तरुणांना सरकारने संवर्धन दलात भरती केलं. त्यांनी इथे रस्ते केले आणि ओंडक्यांच्या इमारती उभारल्या. ‘ओल्ड टायमर्स केबिन’चे ओंडके इतके जाड आहेत की चार रचले आणि भिंत पूर्ण झाली. सरोवराच्या तोंडाशी तेव्हा नुसती दलदल होती. ती बुजवून त्यांनी नदीला नीट पात्र करून दिलं आणि दगडांची रांग बसवली. ज्या दगडांवरून आपण मिसिसिपी ओलांडतो, ते असे कुणीतरी वाहून आणलेले. हे कळल्यावर काहींचा हिरमोड होतो. माझी त्या दगडांवरची माया वाढली.

राखण करताना माणूस चुकलाही. आग म्हणजे जंगलाची वैरीण, असं समजून इथे अनेक दशकं प्रत्येक वणवा विझवला गेला. पण लाल पाइनच्या बीला उघडी माती आणि ऊन लागतं, आणि ते दोन्ही जमिनीलगत सरपटणारी आग मोकळं करून देते. मोठ्या झाडाला त्याची जाड साल तारते. आग थांबली तशी खाली झुडपांची गर्दी झाली आणि जुन्या वृक्षांना पोरंबाळं होईनात. आता वारा आणि दमटपणा पाहून, ठरवलेल्या दिवशी, आखलेल्या पट्ट्यात जाणीवपूर्वक आग लावली जाते.

अशा जागी तंबू ठोकून राहायचं तर पाहुण्यालाही काही नियम पाळावे लागतात. दर वर्षी सुमारे पाच लाख माणसं इथे येतात. तंबूच्या जागा आधीच आरक्षित कराव्या लागतात. प्रत्येक जागेला लाकडी मेज आणि शेकोटीसाठी लोखंडी कडं असतं. लाकूड घरून आणायचं नाही, कारण त्यातून अ‍ॅश वृक्ष पोखरणारा किडा येऊ शकतो. मान्यताप्राप्त विक्रेत्याकडूनच घ्यायचं. खाण्याचे डबे रात्री मोटारीत बंद करायचे, कारण काळं अस्वल आणि रकून वासावर येतात. जूनमध्ये डासांची तयारी ठेवून यावं. सप्टेंबरअखेरीस डास कमी, थंडी जास्त आणि अ‍ॅस्पेनची पानं सोन्यासारखी. दिवसा होडी वल्हवावी, सायकल काढावी, नाहीतर आगीवर पाळत ठेवायला बांधलेल्या शंभर फुटी मनोऱ्यावर चढावं. दहानंतर सगळीकडे निजानीज होते आणि सरोवरावरून लून पक्ष्याची लांबलचक हाक येते. तंबूत एकट्याने ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी उठून बसलो होतो.

निघायच्या सकाळी शेकोटी विझवायची. पाणी ओतायचं, काठीने राख ढवळायची, पुन्हा पाणी ओतायचं. वाफ थांबली एवढ्यावर भागत नाही. शेवटी राखेवर हात ठेवून पाहायचा. हाताला ऊब लागली तर पुन्हा पाणी. मी तीनदा बादली भरून आणली. चौथ्यांदा हात ठेवला तेव्हा राख सरोवराच्या पाण्याइतकीच गार होती.