सूर परदेशी : देवलांचं पेटीशी भांडण

या आठवड्यात पेकिंगच्या दरबारातले इटालियन चित्रकार यायचे होते. कास्तिल्योने आणि त्याचे ते घोडे. ते थांबतील, अडीचशे वर्षं थांबलेच आहेत. मधेच सांगलीच्या गावभागातून एका वाचकांचं पत्र आलं आणि माझी गाडी रूळ बदलून गेली. आमियो पाद्र्यानं पेकिंगहून पॅरिसला बांबूच्या नळ्यांचं वाद्य धाडलं, असं मागच्या लेखात ओझरतं लिहिलं होतं. त्यावर हे गृहस्थ विचारतात, म्हणजे आमच्याकडे एकादशीला भजनाला वाजते ती पेटी चिनी म्हणायची की काय?

पेटीची जीभ चिनी घराण्याची, धड युरोपचं आणि हाताचा भाता कलकत्त्याचा. एका ओळीत उत्तर द्यायचं तर हे. पण सांगलीच्या माणसानं हा प्रश्न विचारावा आणि मी एका ओळीत उरकावं, हे बरं दिसणार नाही. पेटीवर या देशात सर्वांत हिशेबी फिर्याद दाखल झाली ती सांगलीतून.

आधी जिभेचं पाहू. पेटी दुरुस्त करणाऱ्याकडे कधी तासभर बसला असाल तर त्यानं ‘सूर’ काढून हातावर ठेवला असेल. पितळेची बोटभर पट्टी, तिला लांबट खाच आणि खाचेवर एका टोकाला ठोकून बसवलेली पातळ जीभ. ही जीभ खाचेपेक्षा केसभर अरुंद असते, म्हणून ती कडेवर न आपटता खाचेतून आरपार हलते. सनईची पाती एकमेकींवर मिटतात, इथे कुणी कुणावर मिटत नाही. सूर चढवायचा तर कारागीर जिभेचं टोक खरवडतो, उतरवायचा तर बूड. चीनच्या ‘शंग’ या वाद्यात नेमकी हीच जीभ आहे. फरक एवढाच की ती वेगळी ठोकलेली नसते, पत्र्यातच तीन बाजूंनी कापलेली असते, आणि सूर उतरवायला टोकावर मेणाचा ठिपका देतात. सतरा नळ्या, खाली वाटीसारखं पोट. ते मुळात भोपळ्याचं असे, हे मिरजेच्या तंबोरेवाल्यांना ऐकायला आवडेल. फुंकला तरी वाजतो, श्वास आत ओढला तरी तोच सूर. हूपेई प्रांतात यी नावाच्या सरदाराचं इसवी सनपूर्व पाचव्या शतकातलं थडगं १९७८ मध्ये उकरलं, त्यातही शंग निघाले.

युरोपला ही जीभ कुणी दिली यावर विद्वानांचं जुंपलेलं आहे. आमियोनं शंग पाठवले ते १७७७ च्या सुमारास. पण त्याआधी, १७४० च्या दशकात, सेंट पीटर्सबर्गमध्ये योहान विल्डे नावाचा वादक शंग वाजवून दाखवत होता. पुढे क्रात्झेनस्टाइन नावाचा शास्त्रज्ञ त्याच शहरात काही वर्षं राहिला, आणि १७८० मध्ये तिथल्याच अकादमीचं बक्षीस त्यानं स्वर उच्चारणाऱ्या यंत्रासाठी मिळवलं. त्या यंत्रात अशीच मोकळी जीभ होती. त्यानं शंग पाहिला होता असा कागद कुणी दाखवलेला नाही. मला विचाराल तर असे कागद नसतातच, कारागिराच्या हातातून हातात जाणारी गोष्ट पावती मागत नाही. तिथून पुढे फ्रान्समध्ये ग्रेनिएचा ऑर्गन, मग १८४० च्या दशकाच्या आरंभी पॅरिसच्या देबॅंनं पेटंट घेतलेलं हार्मोनियम. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी पाय सोडवले, भाता मागे आणला आणि मांडी घालून वाजवता येईल अशी पेटी घडवली.

पण आमियोनं पॅरिसला दुसरीही एक गोष्ट पाठवली होती आणि आजच्या कथेत तीच खरी महत्त्वाची आहे. या पाद्र्यानं पेकिंगला गेल्यावर चिनी विद्वानांना फ्रेंच संगीतकार रामोच्या रचना वाजवून दाखवल्या. त्याची खात्री होती की हे ऐकून मंडळी माना डोलावतील. कुणी हलेना. चार सभ्य शब्द बोलले आणि गप्प बसले. दुसरा असता तर त्यांना अडाणी ठरवून मोकळा झाला असता. आमियो उलट त्यांचे ग्रंथ वाचायला बसला आणि त्यातून चिनी संगीतावरचा त्याचा प्रबंध झाला. त्यात त्याचा मोठा आधार होता मिंग घराण्यातला राजपुत्र, चू त्साय-यू. याच्या बापाला बादशहानं कैदेत टाकलं, तेव्हा बाप सुटेपर्यंत हा महाल सोडून बाहेर झोपडीत राहिला आणि गणित करत बसला. १५८४ मध्ये त्यानं सप्तकाचे बारा अगदी सारखे भाग पाडून दाखवले. दोनाचं बारावं मूळ, तेही मण्यांच्या पाटीवर, लांबलचक आकड्यांपर्यंत. हॉलंडच्या स्टेव्हिननं तेच गणित वीसेक वर्षांनी मांडलं. चीनकडून तो हिशेब युरोपात गेला असं म्हणायला आधार नाही, दोघे आपापले तिथे पोचले असावेत. गंमत अशी की चीननं राजपुत्राचा शोध आदरानं बासनात बांधून ठेवला आणि युरोपनं तो पियानोत, ऑर्गनमध्ये, हार्मोनियममध्ये ठोकून बसवला.

ते हार्मोनियम आपल्याकडे आलं आणि संगीत नाटकानं त्याला कडेवर घेतलं. पायपेटीशिवाय पडदा वर जाईना. गोविंदराव टेंब्यांनी पेटीला साथीच्या जागेवरून उठवून मैफलीत बसवलं. नागठाण्यात जन्मलेल्या बालगंधर्वांच्या मागे हरिभाऊ देशपांड्यांचा ऑर्गन कसा बोलायचा, हे सांगताना आमच्या आधीच्या पिढीचे डोळे वेगळेच होत.

आणि याच मुलखात, नाटकाच्या या पंढरीत, कृष्णाजी बल्लाळ देवल नावाचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर पेटीविरुद्ध पुरावे गोळा करत होते. ‘शारदा’कार गोविंद बल्लाळांचे हे बंधू. एक भाऊ नाटकाची पदं रचतो आणि दुसरा त्या पदांना साथ करणाऱ्या वाद्याची झडती घेतो, अशी घरातली वाटणी! देवल तारेवर सूर मोजत. ताणलेली तार, खाली मोजपट्टी, सरकणारी घोडी. समोर गायला कोण, तर अब्दुल करीम खाँसाहेब, ज्यांचं घर पुढे मिरज झालं. ते सूर लावणार, देवल घोडी तिथे आणून लांबी टिपणार. यातून १९१० मध्ये बावीस श्रुतींवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक निघालं.

त्यांची तक्रार कागदावर मांडून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. षड्ज सेकंदाला २४० कंपनांचा धरा. तंबोरा नीट जुळला असेल तर त्यातून आपोआप ऐकू येणारा गंधार येतो ३०० वर, पाचास चार या प्रमाणात. पेटीचा, म्हणजे सारख्या बारा भागांचा गंधार येतो ३०२.४ वर. अडीच कंपनांचं काय एवढं, असं वाटेल. पण षड्जाचा पाचवा उपस्वर १२०० आणि पेटीच्या गंधाराचा चौथा उपस्वर जवळपास १२०९.५. हे दोन एकत्र वाजले की सेकंदाला नऊ-साडेनऊ ठोके पडतात. कानाला ते थरथरीसारखे लागतात. पंचमाचं मात्र भांडण नाही. ३६० च्या जागी ३५९.६, एवढं खाँसाहेबही सोडून देतील. म्हणून पेटीवर सा-प धरून बसलेल्याला काही खटकत नाही आणि भूपाचा गंधार लावायला गेलेल्याचं डोकं फिरतं.

देवल नुसती फिर्याद करून थांबले नाहीत. अर्नेस्ट क्लेमेंट्स हे इंडियन सिव्हिल सर्व्हिसमधले न्यायाधीश त्यांना मिळाले. साताऱ्यात या दोघांनी ‘फिलहार्मोनिक सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ उभी केली. साताऱ्यात फिलहार्मोनिक! राजवाड्यापाशी उभं राहून हे नाव मोठ्यानं म्हणून बघा. देवलांच्या मापांबरहुकूम लंडनच्या कीटली मूर यांनी १९११ मध्ये श्रुतींची पेटी बांधून दिली. क्लेमेंट्सनी १९१३ मध्ये स्वतःचं पुस्तक काढलं. मग १९१६ ची बडोद्याची संगीत परिषद, सयाजीराव महाराजांच्या आश्रयाखाली. तिथे ही पेटी मांडली गेली आणि भातखंड्यांनी ती मानली नाही. गवयी जे प्रत्यक्ष गातात ते अशा ठरीव आकड्यांत बसत नाही, असा त्या बाजूचा सूर होता.

माझं मत देवलांचं गणित चोख होतं असं आहे. फसली ती पेटी. एक तर बावीस जागा एका षड्जापासून मोजलेल्या. गवई काळी एकवरून काळी दोनवर गेला की सगळी घरं हलतात. दुसरं म्हणजे आपला गंधार उभा राहत नाही, रिषभाकडून चढत येतो, मध्यमाला शिवून परततो. जीभ ठोकलेली असते तिथेच हलते, मींड तिच्या नशिबी नाही, मग श्रुती बावीस करा नाहीतर दोनशे. तरी हा नाद सुटत नाही. ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओकांनी पट्टीखालच्या खुंट्या ओढून श्रुती बदलणारी पेटी अलीकडे घडवलीच. देवल असते तर पहिल्या गाडीनं ठाण्याला गेले असते.

रेडिओनं १९४० मध्ये पेटीला दार बंद केलं आणि ते १९७१ पर्यंत धड उघडलं नाही. त्या बंदीत एका इंग्रज संगीतकाराचाही हात होता, जॉन फोल्ड्स. ती गोष्ट स्वतंत्र लेखाची आहे आणि ती कास्तिल्योनेच्या आधी येणार नाही, हा शब्द.

जाता जाता सांगली-साताऱ्याच्या वाचकांना एक विनंती. नाटक कंपन्यांचं सामान या भागातल्या किती वाड्यांच्या माळ्यांवर पडलंय, ते तुम्हीच जाणता. त्यात एखादी जुनी लंडन बनावटीची पेटी दिसली तर एका सप्तकातले सूर मोजा. वरचा षड्ज सोडून बाराच्या वर भरले तर भाता हलवू नका, चामडं फाटेल. आधी मला कळवा.