जुनी पिकअप गाडी रास्त भावात कशी घ्यावी?

बैल विकत घ्यावयाचा झाल्यास आपला शेतकरी घाई करीत नाही. तो दात पाहतो, खूर पाहतो, बैल चालवून पाहतो आणि मगच रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवितो. परंतु बैलाच्या कितीतरी पट किमतीची जुनी पिकअप गाडी घेताना हाच शेतकरी नवा रंग पाहून पहिल्याच भेटीत इसार देतो, असे पुष्कळदा आढळते. जुन्नर तालुक्यातील शेतकऱ्याला टोमॅटोचे क्रेट नारायणगावच्या बाजारात वेळेवर पोहोचवावयाचे असतात. गाडी वाटेत बंद पडली, तर दुरुस्तीचा खर्च होतोच, शिवाय त्या दिवसाचा भावही हातचा जातो. यास्तव भाव रास्त ठरतो तो घासाघीस करण्याच्या कौशल्याने नव्हे, तर आधी केलेल्या तपासणीने व हिशेबाने, हे ध्यानी ठेवावे.

प्रथम कागदपत्रे

कागदपत्रे निर्दोष नसतील, तर भावाची बोलणी सुरूच करू नयेत. नोंदणी पुस्तकातील चासी क्रमांक व इंजिन क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी अक्षरशः जुळवून पाहावेत. विकणारा व नोंदणीतील मालक एकच आहे काय, हे विचारावे. नोंदणी पुस्तकात बँकेचा वा वित्तसंस्थेचा बोजा असल्यास कर्ज फिटल्याचे ना हरकत प्रमाणपत्र आणि बोजा उतरविण्याचा नमुना क्रमांक ३५ मिळाल्यावाचून पूर्ण रक्कम देऊ नये.

मालवाहू गाडीस फिटनेस प्रमाणपत्र आवश्यक असते. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत ते दोन वर्षांसाठी व त्यानंतर एकेका वर्षासाठी मिळते. त्याची मुदत, विमा, कराची पावती, प्रदूषण प्रमाणपत्र व थकलेले दंड हे सर्व पाहावे. एम-परिवहन या मोबाईलवरील सोयीतून गाडीच्या क्रमांकावरून यांपैकी बरीच माहिती पडताळता येते.

नोंदणी पुस्तकातील भारासहित एकूण वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा केले, म्हणजे कायद्याने किती भार नेता येईल ते कळते. वीस किलो मालाच्या ६० क्रेटचे वजन १,२०० किलो होते. क्रेटचे व गाडीतील माणसांचे वजन निराळे. आपली गरज या मर्यादेत बसते की नाही, हे आधीच ताडून पाहावे.

नंतर गाडी

गाडी सकाळी, इंजिन थंड असताना पाहावी. आधीच तापवून ठेवलेले इंजिन आपला दोष लपविते. निळसर धूर सतत येत असेल, तर इंजिन ऑईल जाळीत आहे असे समजावे. दाट काळा धूर डिझेल नीट जळत नसल्याची खूण होय. ऑईलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसल्यास ऑईलमध्ये पाणी शिरल्याचा संशय घ्यावा.

मग गाडीखाली वाकून चासी पाहावी. चासीवर तडा, वाकणे वा नवे वेल्डिंग, तसेच मोडलेले कमानपाटे, ही गाडीने क्षमतेबाहेर ओझे वाहिल्याची लक्षणे होत. टायरच्या बाजूवरील चार अंकांवरून त्याचे वय कळते. ‘२३२१’ असे अंक असल्यास तो टायर २०२१ सालच्या २३ व्या आठवड्यातील होय. शेवटी गाडी भार घालून चढावर चालवावी. इंजिनाचा आवाज वाढूनही वेग वाढत नसेल, तर क्लच घसरत आहे. ब्रेक दाबताच गाडी एका बाजूस ओढते काय, तेही पाहावे. तपासणीस आपल्या ओळखीचा मेस्त्री न्यावा. विक्रेत्याने सुचविलेला मेस्त्री नको.

भावाचा हिशेब

त्याच बनावटीच्या व त्याच सालच्या निदान तीन गाड्यांचे भाव परिसरात विचारावेत. विम्याच्या कागदावरील घोषित मूल्य हेही उपयोगी गमक आहे. मात्र पाच वर्षांहून जुन्या गाडीचे ते मूल्य विमा कंपनी व मालक आपसांत ठरवितात, म्हणून केवळ त्यावर विसंबू नये.

उदाहरण म्हणून समजा, तीन गाड्यांचे भाव ४,६०,०००, ४,७५,००० व ४,९०,००० रुपये निघाले. मधला भाव ४,७५,००० धरावा. मेस्त्रीच्या अंदाजाप्रमाणे टायरांना ३०,०००, क्लचला १४,०००, पाट्यांना ९,००० आणि संपत आलेला विमा व फिटनेस यांस २२,००० रुपये लागतील. एकूण ७५,००० रुपये झाले. ते वजा जाता ४,००,००० रुपये उरतात. हीच आपली कमाल मर्यादा होय. मात्र ज्या गाड्यांवरून भाव काढला त्या या बाबतींत सुस्थितीत असतील, तरच ही वजावट न्याय्य ठरते. त्यांचेही टायर झिजलेले असतील, तर टायरांची रक्कम वजा करू नये.

प्रत्यक्ष बोलणी

ही मर्यादा घरून निघतानाच कागदावर लिहून ठेवावी. विक्रेत्यापुढे गाडीची निंदा करू नये. दुरुस्तीची यादी समोर ठेवून एकेक बाब सांगावी. दोषाचा पुरावा डोळ्यांपुढे असला, म्हणजे प्रामाणिक विक्रेता आपण होऊन खाली येतो. पहिला भाव मर्यादेहून थोडा कमी सांगावा. ‘दुसरे गिऱ्हाईक संध्याकाळी येत आहे’ या बोलण्याने उतावीळ होऊ नये. मर्यादा ओलांडली जात असेल, तर नमस्कार करून परतावे. इसार थोडाच द्यावा व त्याची लेखी पावती घ्यावी. उरलेली रक्कम बँकेमार्फत द्यावी.

नाव बदलेपर्यंत सौदा अपुरा

नमुना क्रमांक २९ व ३० यांवर दोघांच्या सह्या घेऊन परिवहन कार्यालयात अर्ज करावा. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे घेणाऱ्याने ३० दिवसांत हस्तांतरण कळवावयाचे असते. विमा आपल्या नावे करण्यासाठी १४ दिवसांत अर्ज करावा. गाडी परराज्यातील असल्यास तेथील नोंदणी कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. विकणाऱ्यानेही यात आळस करू नये. नोंदणीत ज्याचे नाव, तोच अपघाताच्या भरपाईस जबाबदार मालक, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिला आहे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही माहिती ग्रामसभेत वा चावडीवर वाचून दाखवावी, तपासणीची यादी फलकावर लावावी आणि गाडी घेऊ इच्छिणाऱ्या शेतकऱ्यास हिशेब मांडण्यास साहाय्य करावे. बैलाचे दात पाहणारी पारखी नजर आपल्या शेतकऱ्यापाशी आहेच. तीच नजर गाडीच्या चासीकडे व कागदांकडे वळविली, म्हणजे कष्टाचा पैसा वाया जाणार नाही.