‘दिसलं का?’ एवढं विचारून भागत नाही

अंधाऱ्या खोलीत बसलेल्या माणसाला तुम्ही प्रकाशाचा अगदी मंद ठिपका दाखवता आणि विचारता, ‘दिसला का?’ ज्या तीव्रतेला तो ‘हो’ म्हणू लागेल, तो त्याचा थ्रेशोल्ड, म्हणजे दिसण्याचा उंबरठा. सोपं वाटतं ना? पण तोच ठिपका त्याच माणसाला एकदा दिसतो, एकदा दिसत नाही. म्हणून प्रत्येक तीव्रता पुन्हा पुन्हा दाखवायची आणि किती टक्के वेळा ‘हो’ आलं याचा आलेख काढायचा. तो साधारण इंग्रजी ‘एस’सारखा चढत जातो. उंबरठा म्हणजे त्या आलेखावर आपण निवडलेला एक बिंदू.

१९४२ साली हेक्ट, श्लेअर आणि पिरेन यांनी आपल्या प्रसिद्ध प्रयोगात हा बिंदू ६० टक्क्यांवर धरला. डोळे आधी अंधाराला सरावू दिले, मग एक मिलिसेकंदाची हिरवट झलक दाखवली. डोळ्यावर ५४ ते १४८ फोटॉन पडले की ती दिसायची. वाटेत बरेच फोटॉन वाया जातात. रॉड पेशी त्यातले जेमतेम ५ ते १४ शोषतात, असा त्यांचा हिशेब होता.

आता खरी मेख. ‘हो’ कधी म्हणायचं हे बघणारा ठरवतो. एकजण जरासा भास झाला तरी ‘हो’ म्हणतो, दुसरा खात्री पटेपर्यंत गप्प राहतो. समजा तुम्ही तरुण आणि वयस्कर लोकांची तुलना करताय आणि वयस्कर मंडळी जास्त सावध आहेत. तुम्ही लिहाल, ‘वयानुसार नजर मंदावते’. मोजलेला असेल मात्र सावधपणा!

उपाय दोन. एक, मधूनमधून ठिपका नसलेल्या फेऱ्या ठेवा. तिथे किती वेळा ‘हो’ येतं त्यावरून बघणाऱ्याचा कल कळतो. दोन, प्रश्नच बदला. लागोपाठ दोन वेळा बीप वाजवा, एकाच बीपबरोबर ठिपका दाखवा आणि विचारा, ‘पहिल्या वेळी होता की दुसऱ्या?’ आता सावध माणसालाही उत्तर द्यावंच लागतं. निव्वळ अंदाजाने ५० टक्के उत्तरं बरोबर येतात, म्हणून इथे उंबरठा बहुधा ७५ टक्क्यांच्या आसपास धरतात.

तेव्हा पुढच्या वेळी एखाद्या पेपरात थ्रेशोल्डचा आकडा दिसला, की आधी दोन गोष्टी शोधा: प्रश्न काय विचारला होता आणि बिंदू किती टक्क्यांवर धरला होता. तुमच्या स्वतःच्या प्रस्तावातही हे दोन्ही स्पष्ट लिहा. त्यांच्याशिवाय दोन थ्रेशोल्डची तुलना करताच येत नाही.