आवाज मोठा म्हणजे गाणं भारी?

चंद्रपूर ते नागपूर, साधारण दीडशे किलोमीटर. गाडीत चौघं आणि फुल व्हॉल्यूममध्ये प्लेलिस्ट. वरोऱ्यापर्यंत सगळे खूश; जाम चौरस्ता आला की कुणीतरी म्हणतंच, ‘बंद कर रे, डोकं उठलं!’ दोष गाण्याचाच असेल असं नाही. बरेचदा तो मास्टरिंगचा असतो.

मास्टरिंग म्हणजे रिलीजआधी गाण्यावर फिरवलेला शेवटचा हात. इतरांपेक्षा आपलं गाणं दणक्यात वाजावं म्हणून इथे ते दाबून-दाबून मोठं केलं जातं. मग हळू आणि जोरात यातला फरकच उरत नाही आणि कान थकतात. मेटॅलिकाच्या ‘डेथ मॅग्नेटिक’वर (२००८) चाहते याचसाठी चिडले होते. तीच गाणी ‘गिटार हीरो’ या गेममध्ये कमी दाबलेली होती आणि अनेकांना तीच जास्त आवडली! आता तर स्पॉटिफाय गाण्यांचा आवाज साधारण एका पातळीवर आणतं. म्हणजे ओरडून फायदा शून्य.

मग पारख कशी करायची?

* दोन गाण्यांची तुलना करताना आधी आवाज सारखा करा. मोठं ते कानाला उगाच चांगलं वाटतं.
* ‘सैराट’चा (२०१६) ऑर्केस्ट्रा अजय-अतुलनी लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर रेकॉर्ड केला. हेडफोनवर ‘याड लागलं’ लावा. व्हायोलिन्स चढत जाताना जाणवतात? शब्द स्वच्छ ऐकू येतात?
* ‘झिंगाट’ अगदी हळू आवाजात लावा. ठेका तेव्हाही पाय हलवतो?
* तेच गाणं मोबाइल आणि कार, दोन्हीवर ऐका. चांगलं मास्टरिंग दोन्हीकडे तग धरतं.

अर्ध्या तासानंतरही आवाज कमी करावासा वाटला नाही? मग मास्टरिंग पास!