गर्दवरचा उपचार अपघात विभागातूनच

गर्द, अफू किंवा ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्यांचे व्यसन असलेला माणूस रुग्णालयात तातडीने येतो तो बहुधा दोन कारणांनी: मात्रा जास्त होऊन श्वास मंदावला म्हणून, किंवा माल न मिळाल्याने ‘टर्की’ लागली म्हणून. दोन्ही वेळा त्याची गाठ पडते ती अपघात विभागात ड्युटीवर असलेल्या डॉक्टरशी. जीव वाचवायचा, सलाईन लावायचे आणि ‘व्यसनमुक्ती केंद्रात दाखवा’ असे लिहून घरी पाठवायचे, ही जुनी रीत. ती चिठ्ठी बहुतेकदा खिशातच राहते.

घरी पाठवल्यानंतरचा काळ किती धोक्याचा, हे अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या नोंदींवरून कळते. अतिमात्रेतून वाचून अपघात विभागातून घरी गेलेल्या ११,५५७ रुग्णांपैकी ५.५ टक्के वर्षभरात दगावले, आणि त्या मृत्यूंपैकी सुमारे एक पंचमांश पहिल्याच महिन्यातले होते. नॅलोक्सोनचे इंजेक्शन थांबत आलेला श्वास काही मिनिटांत परत आणते. पण त्याचा असर अर्ध्या ते दीड तासात ओसरतो, आणि व्यसन जिथल्या तिथे राहते.

येल विद्यापीठाच्या डॉ. गेल डी’ओनोफ्रिओ यांनी ३२९ रुग्णांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटाला फक्त केंद्राची चिठ्ठी मिळाली, दुसऱ्याला चिठ्ठीबरोबर समुपदेशन, तिसऱ्याला समुपदेशनासह ब्यूप्रेनॉर्फिनची गोळी अपघात विभागातच सुरू केली. तिसाव्या दिवशी उपचारात टिकलेले अनुक्रमे ३७, ४५ आणि ७८ टक्के होते. नुसत्या समजावणीने फारसे साधत नाही, हे इतक्या स्वच्छपणे क्वचितच दिसते.

ब्यूप्रेनॉर्फिन मेंदूतल्या ज्या ग्राहींवर गर्द बसतो त्यांनाच अधिक घट्ट चिकटते, पण त्यांना अर्धवटच चेतवते. त्यामुळे तलफ आणि टर्की शमते. ठरावीक मर्यादेपुढे मात्रा वाढली तरी श्वास त्या प्रमाणात मंदावत नाही. सोबत दारू किंवा झोपेच्या गोळ्या घेतल्यास मात्र हे संरक्षण टिकत नाही. खरी मेख वेळेची आहे. अंगात गर्द असताना गोळी दिली तर ती गर्दला हुसकून जागा घेते आणि एकाएकी तीव्र टर्की येते. म्हणून शेवटच्या डोसानंतर साधारण १२ तास थांबतात आणि लक्षणांना गुण देतात: पसरलेल्या बाहुल्या, गळणारे नाक, लागोपाठ जांभया, अंगावर काटा, नाडीचा वेग. गुण पुरेसे भरले की गोळी जिभेखाली ठेवायची, विरघळेपर्यंत गिळायची नाही, पाणीही प्यायचे नाही. तासाभराने पुन्हा पाहून मात्रा वाढवतात.

भारतात हे औषध नवे नाही. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या (नॅको) कार्यक्रमात इंजेक्शनने नशा करणाऱ्यांना ते दिले जाते. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत अफूजन्य पदार्थांच्या व्यसनाचा मोठा भार वाहणाऱ्या मोजक्या राज्यांत महाराष्ट्रही होता. अडचण पुरवठ्याची आहे: औषध अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत येते आणि मुख्यतः व्यसनमुक्ती केंद्रांपुरतेच मर्यादित राहते. वाशीम जिल्ह्यातल्या धनजहून १०८ च्या रुग्णवाहिकेत निघालेला रुग्ण आधी कारंज्याला, मग गरजेप्रमाणे वाशीमला जातो. या वाटेवर श्वास सावरता येतो. पहिल्या गोळीसाठी मात्र मानसोपचार विभागापर्यंत पोहोचावे लागते. वाशीमला २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्याने ते अंतर कमी होण्याची शक्यता आहे. अपघात विभागात दोन-तीन दिवसांपुरती मात्रा आणि केंद्रातली ठरलेली तारीख एवढे हाती असले तरी दुवा तुटत नाही.

पोलिसांच्या भीतीने अनेक जण रुग्णालय टाळतात. १९८५ च्या त्याच अमली पदार्थविरोधी कायद्यातले कलम ६४ अ मात्र, सेवनाच्या किंवा अल्प मात्रेच्या गुन्ह्यात आरोप असलेला व्यसनी स्वेच्छेने मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल तर त्याला खटल्यापासून संरक्षण देते.

उपचार महिने, कधी वर्षेही चालतो. गोळी अचानक बंद झाली तर नशा पचवण्याची जुनी सवय मोडलेली असते आणि पुन्हा नशा केल्यास पूर्वीचीच मात्रा जीवघेणी ठरते. म्हणून गोळी हळूहळू आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच कमी करतात.