एकाचं 'नाही', दुसऱ्याचं 'हो' : लेकराने ऐकायचं कुणाचं?



बैठकीत बचत आणि कर्जाचं काम उरकलं की बोलणं हमखास लेकरांवर येतं. "लई हट्टी झालंय." "बापाला भितं, माझं अजिबात ऐकत नाही." आणि शेवटी एक वाक्य ठरलेलं असतं, "घरात सगळे मलाच बोलतात, तूच लाडावून ठेवलंस म्हणून."

लेकराचं वागणं एकट्या आईमुळे बिघडत नाही. काही मुलं मुळातच तापट असतात. कधी झोप पुरत नाही, कधी दुखणं असतं, कधी शाळेत त्रास असतो. पण अजून एक कारण आहे आणि ते आपल्या लवकर लक्षात येत नाही. ते म्हणजे घरातल्या मोठ्या माणसांनी एकाच गोष्टीबद्दल वेगवेगळं सांगणं.

तामलवाडीतून सोलापूर जवळ, त्यामुळे वडील सकाळी कामाला गेले की संध्याकाळीच येतात अशी घरं आपल्याकडे आहेत. समजा, अशा घरात पाच वर्षांचा मुलगा आहे. आईचा नियम, जेवताना मोबाईल नाही. मुलगा रडायला लागतो. थकून आलेले वडील म्हणतात, "दे गं त्याला, कटकट नको." दुसऱ्या दिवशी तेच वडील चिडलेले असतात, तेव्हा त्याच मोबाईलपायी पाठीत धपाटा बसतो. मग आजी जवळ घेते आणि हळूच मोबाईल देते. यातून मुलगा नियम शिकला का? नाही. कुणासमोर, कधी आणि किती वेळ रडायचं, एवढंच तो शिकला.

यामागचं कारण अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी उंदीर आणि कबुतरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं. दर वेळी मिळणारं खाणं बंद झालं, तर प्राणी धडपड लवकर सोडतो. पण कधी मिळतं, कधी मिळत नाही अशी सवय असेल, तर खाणं बंद झाल्यावरही तो बराच वेळ धडपडत राहतो. हट्टाचंही तसंच आहे. आपल्या गटात अध्यक्ष म्हणाल्या हप्ता भरलाच पाहिजे आणि सचिव म्हणाल्या राहू द्या, तर परतफेड कशी होईल? तिथे आपण ठराव करतो आणि तो सगळ्यांना लागू असतो. घरात मात्र ठरावच झालेला नसतो.

दुसरी गोष्ट भीतीची. आईबाप लेकरावरून भांडतात तेव्हा त्या भांडणात लेकराचं नाव असतं. "माझ्यामुळे भांडतात," असं ते मनात धरतं. मग कुणी चिडचिड करतं, कुणी मारकुटं होतं, कुणी गप्प बसतं. १९९१ मध्ये अमेरिकेत लहान मुलग्यांच्या घरांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नवराबायकोचं एरवी किती पटतं हे बाजूला ठेवलं, तरी मुलाला कसं वाढवायचं यावरून जिथे मतभेद जास्त, तिथे वागण्याच्या तक्रारीही जास्त दिसल्या. अर्थात हे उलटंही होतं. लेकरू हट्टी असलं की त्याच्यावरून घरात वाद वाढतात.

मतभेद सगळ्याच घरांत असतात. ते अजिबात नकोत असं नाही, पण ते कसे हाताळायचे हे आपल्या हातात आहे.

१. दोन-तीनच नियम ठरवा. मोबाईल, झोपायची वेळ, दुकानातल्या खाऊचे पैसे. मुलाला आणि मुलीला नियम एकच.

२. एकाने 'नाही' म्हटलं, तर दुसऱ्याने लेकरासमोर ते मोडू नये. पटलं नसेल तर लेकरू झोपल्यावर बोला.

३. "पप्पा येऊ दे, मग बघ," असं म्हणू नका. त्याने वडील म्हणजे फक्त मार, असं होतं. "पप्पांना सांगू नको," असंही नको. त्यातून लेकरू लपवायला शिकतं.

४. सासूबाई-मामंजींनाही ठरवताना सोबत घ्या. दिवसभर लेकरू त्यांच्याजवळ असेल, तर त्यांच्याशिवाय नियम टिकत नाही.

५. लेकरासमोर वाद झाला, तर तो मिटलेलाही त्याला दिसू द्या. "तुझ्यामुळे नाही भांडलो," एवढं सांगा. मिटलेलं भांडण पाहिलं की मुलांची घालमेल कमी होते.

नियम पक्का केल्यावर सुरुवातीचे काही दिवस रडणं वाढेल. लेकरू जुना उपाय जोरात करून बघतं. तेव्हा माघार घेतली, तर अजून मोठ्याने रडायचं हेच ते शिकेल.

"आमचे मालक ऐकतच नाहीत," असं अनेक ताई म्हणतील. भांडण चालू असताना हा विषय काढू नका. शांत वेळ बघून, "तुम्ही चुकता" ऐवजी "मला एकटीला जमत नाही, आपण दोघं मिळून एक ठरवू," असं म्हणून बघा. त्यांचंही ऐकून घ्या, कधी त्यांचं म्हणणं बरोबर असतं. तरीही नाहीच जमलं, तर निदान तुमचा शब्द रोज बदलू देऊ नका.

पण घरात तुम्हाला किंवा लेकराला मारहाण होत असेल, तर तो मतभेद नव्हे, ती हिंसा आहे. तिथे समजुतीने घ्या असं मी सांगणार नाही. महिलांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे नंबर लिहून ठेवा, गटातल्या विश्वासाच्या ताईला सांगा. लेकराचं वागणं अचानक बदललं, ते बोलेनासं झालं किंवा बंद झालेलं अंथरुण ओलं करणं पुन्हा सुरू झालं, तर आशाताईंना भेटा. अंगणवाडीत आणि शाळेत तपासणीला येणाऱ्या डॉक्टरांनाही दाखवा.

हा अंक घरी नेल्यावर हे पान लेकरांच्या वडिलांनाही वाचायला द्या. लेकरू दोघांचं आहे, तर नियमही दोघांनी मिळून ठरवायचे.