तिसरीकडे कोण बघतं?

जोतीराव फुले यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन ठेवलं. प्राथमिक शाळेत काय शिकवावं, याची एक छोटी यादी त्यात आहे. मोडी आणि बाळबोध लिहिणं-वाचणं, हिशेब, इतिहास-भूगोल-व्याकरणाची तोंडओळख, शेतीचं प्राथमिक ज्ञान आणि नीती-आरोग्याचे थोडे धडे. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना हे शिक्षण सक्तीचं करा, अशी त्यांची मागणी होती. कितव्या वर्षी काय शिकवायचं, या प्रश्नात ते शिरले नाहीत. बहुसंख्य मुलांना शाळेचं दारच बंद होतं, तेव्हा दाराच्या आतल्या वेळापत्रकाची चर्चा कोण करणार?

त्याआधीच्या पंतोजींच्या शाळेत आजच्या अर्थानं इयत्ता नव्हत्याच. मूल धूळपाटीवर अक्षरं गिरवायचं, अंक आणि पाढे घोकायचं. मग पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी करत औटकीपर्यंत, म्हणजे साडेतीनच्या पाढ्यापर्यंत, पोचायचं. ज्याची निमकी पक्की झाली तो पुढे जायचा, ज्याची नाही तो तिथंच बसायचा. या शाळांचे गोडवे गाण्याचं कारण नाही. छडीचा धाक होता, बहुतेक जातींना प्रवेश नव्हता आणि मुलींना तर नव्हताच. पण मुलाची पायरी त्याच्या वयावरून ठरत नसे, एवढी नोंद पुढच्या चर्चेसाठी करून ठेवू.

वर्षाला एक इयत्ता आणि इयत्तेला एक पुस्तक ही रचना इंग्रजी अमदानीतल्या शिक्षण खात्याची. मेजर कँडींच्या काळापासून ‘क्रमिक पुस्तक’ हा शब्द आपल्या अंगवळणी पडला. स्वातंत्र्यानंतर, 27 जानेवारी 1967 रोजी, पुण्यात पाठ्यपुस्तक मंडळ स्थापन झालं आणि ‘बालभारती’ घराघरांत पोचली. 1991 मध्ये दवे समितीनं प्राथमिक शाळेसाठी किमान अध्ययन पातळ्या सुचवल्या आणि महाराष्ट्राचा 1995 चा अभ्यासक्रम त्या धर्तीवर क्षमताधिष्ठित झाला. पुढे 2005 च्या राष्ट्रीय आराखड्याला धरून 2012 चा अभ्यासक्रम आला. दर वेळी काही मजकूर वरच्या इयत्तेतून खाली आला, काही खालून वर गेला. ‘अमुक वर्षी मुलाला तमुक आलेलं असेल’ हे गृहीतक मात्र प्रत्येक आराखड्यात होतं, आणि त्याची सगळ्यांत कठीण परीक्षा तिसरीत होते. तिसरीवर ना पालकांचं लक्ष असतं, ना मंत्रालयाचं, ना वर्तमानपत्रांचं.

सगळ्यांचं लक्ष असतं पहिलीवर. 2000 मध्ये मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं, तेव्हा वाद पहिलीचा होता. 2025 मध्ये तिसऱ्या भाषेवरून राज्य पेटलं, तेही पहिलीपासूनच्या हिंदीमुळे. शेवटी 29 जूनला सरकारला निर्णय मागे घ्यावा लागला. भाषेचं राजकारण पहिलीच्या दारात होतं, कारण पालक तिथं उभे असतात. पहिलीच्या वर्गात होणारं काम मात्र तसं शांतपणे चालतं. ऐकणं, बोलणं, गाणी, चित्रवाचन, मग अक्षरं. जुन्या पद्धतीनं अ-आ-इ-ई न घेता ग-म-भ-न अशा सारख्या वळणाच्या अक्षरांपासून सुरुवात करायची, की अर्थपूर्ण शब्दापासून, यावर शिक्षकांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या वाद आहेत. फलटणला मॅक्सिन बर्नसन यांनी आणि पालघरच्या वाडा तालुक्यात ‘क्वेस्ट’च्या मंडळींनी धरलेला रस्ता मला जास्त पटतो. मोजकी अक्षरं आणि एखाद-दुसरं स्वरचिन्ह एकत्र शिकवायचं, म्हणजे मुलाला लगेच खरे शब्द वाचता येतात. सगळी मुळाक्षरं संपेपर्यंत काना-मात्रेची वाट बघत बसलं, तर मूल कित्येक महिने ‘कमळ’ आणि ‘बदक’ यांच्यातच अडकून पडतं.

इथं थोडा हिशेब करू. मराठीत चौतीस व्यंजनं आणि त्यांची बाराखडी. गुणाकार केला तर चारशेच्या वर आकृती होतात. 2009 च्या शासन निर्णयानं वर्णमालेत ॲ आणि ऑ यांना जागा दिली, ते धरलेलेच नाहीत. जोडाक्षरं वेगळीच. इंग्रजी शिकणाऱ्या मुलाला सव्वीस अक्षरं ओळखायची असतात आणि मग स्पेलिंगशी झगडायचं असतं. मराठी मुलाचं उलटं: आकृतींचा डोंगर आधी, मग वाट बरीचशी सरळ. लिपीच्या या जातीवर कन्नड शाळांमध्ये सोनाली नाग यांनी संशोधन केलं. तिथं मुलं तिसरी-चौथीपर्यंत अक्षरं आत्मसातच करत होती, असं त्यांच्या 2007 च्या निबंधात दिसलं. कन्नड आणि मराठीच्या लिप्या दिसायला वेगळ्या असल्या तरी घडण एकच. म्हणजे दुसरीअखेर वाचन ‘झालं’ असं पाठ्यक्रम म्हणतो, तेव्हा तो बराच आशावादी असतो.

दुसरीत दोन गोष्टी एकदम येतात, जोडाक्षरं आणि शंभरपर्यंतच्या संख्यांवरची पकड. त्या एकमेकींच्या पायात कशा येतात हे 2019 च्या जूनमध्ये सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं, फक्त टिंगलीच्या नादात ओळखलं नाही. दुसरीच्या नव्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’सोबत ‘वीस एक’ असं वाचनही दिलं होतं. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर होत्या. भाषा बुडाली अशी ओरड झाली, विधानसभेत कोट्या झाल्या, समाजमाध्यमांवर तर आठवडाभर दिवाळी होती. जुनी संख्यानामं पुस्तकातून काढलेली नाहीत, हे सांगूनही कोणी ऐकेना.

नारळीकरांचा मुद्दा साधा होता. लिहिताना आपण आधी दशक लिहितो, बोलताना आधी एकक बोलतो. अठ्ठेचाळीस ऐकून मूल 84 लिहितं, त्यात त्याची काय चूक? वर एकोणतीस, एकोणचाळीस यांत वजाबाकी लपलेली. आणि त्र्याण्णव, अठ्ठ्याण्णव हे शब्द वाचायला जी जोडाक्षरं लागतात ती मूल त्याच वर्षी शिकत असतं. दाक्षिणात्य भाषांत दशक आधी येतो, इंग्रजीतही येतो. मला हा बदल नावापुरता न राहता टिकायला हवा होता असं वाटतं. भाषाप्रेमाच्या बाजूनं बोलणाऱ्यांपैकी किती जणांच्या घरी नातवंडांना फोन नंबर मराठीत सांगितला जातो, हा प्रश्न विचारायचा मोह मी आवरतो.

आता तिसरी. पहिली-दुसरीत भाषा, गणित आणि इंग्रजी, जोडीला खेळ-कला-कार्यानुभव. परिसराचं वेगळं पुस्तक नसतं; पाऊस, घर, प्राणी हे सारं भाषेच्या धड्यांतून येतं. तिसरीत ‘परिसर अभ्यास’ हातात पडतो. आणि ही खास आपल्या राज्याची गंमत: हे पुस्तक जिल्ह्याजिल्ह्याला वेगळं. जुन्या अभ्यासक्रमातही तिसरीचा भूगोल हा आपल्या जिल्ह्याचा भूगोल असे. रत्नागिरीचं मूल रत्नागिरीच्या नद्या शिकायचं, चंद्रपूरचं चंद्रपूरच्या खाणी. मग चौथीत महाराष्ट्र, पुढे भारत, पुढे जग. वर्तुळ मोठं करत न्यायचं. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या माणसाला विचारा. स्वतःच्या जिल्ह्याचे तालुके तो ज्या चालीत म्हणून दाखवेल, ती चाल तिसरीतली असते. एका राज्यानं एका इयत्तेसाठी इतकी वेगवेगळी पुस्तकं काढायची, हा कारभार सोपा नव्हे. पाठ्यपुस्तक मंडळाच्या कामांत मला हे सर्वांत देखणं काम वाटतं.

याच पुस्तकात दिशा आणि नकाशा येतो. वर्गाचा आराखडा, मग शाळेचा, मग गावाचा. आठ वर्षांच्या मुलानं स्वतःला वरून, पक्ष्यासारखं बघायला शिकायचं असतं. गणितात तीन अंकी संख्या, समान वाटणीतून भागाकार, अर्धा-पाव-पाऊण. औटकीच्या काळाशी एवढंच नातं उरलंय, पण पाऊण अजून आहे याचं समाधान. आणि शाब्दिक उदाहरणं: अमुक पेरू टोपल्यांत सारखे वाटले तर प्रत्येक टोपलीत किती. ज्याला भागाकार येतो पण ओळ वाचता येत नाही, तो गणितातही नापास होतो.

इथं मामला उलटतो. दुसरीपर्यंत मूल वाचायला शिकत असतं; तिसरीपासून वाचून शिकायचं असतं. पुस्तकं वाढतात, धडे लांबतात, प्रश्नांची उत्तरं वहीत लिहायची असतात, आणि वाचायला शिकवण्याचा तास वेळापत्रकातून नाहीसा होतो. ज्याचं वाचन राहून गेलं, त्याच्यासाठी शाळेकडे आता वेळ नसतो. तो फळ्यावरचं उतरवून घेतो. अक्षर वळणदार असतं, वही पूर्ण असते, आणि स्वतः लिहिलेलं त्याला वाचता येत नाही. तपासायला आलेल्या साहेबांना वही दिसते.

‘प्रथम’ संस्थेचं ‘असर’ सर्वेक्षण 2005 पासून खेड्यापाड्यांत घरोघर जाऊन मुलांसमोर एक कागद ठेवतं. अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. 2018 मध्ये देशातल्या ग्रामीण भागात तिसरीतल्या 27.3 टक्के मुलांना दुसरीची गोष्ट वाचता आली. करोनानंतर, 2022 मध्ये, हा आकडा 20.5 वर घसरला; पाचवीतही तो 42.8 टक्केच होता. 2024 मध्ये तिसरीचा आकडा 27.1 झाला, म्हणजे घसरलेलं तेवढं भरून निघालं. केंद्राच्या ‘निपुण भारत’ मोहिमेचं लक्ष्य तिसरीच्या मुलानं मिनिटाला किमान साठ शब्द अर्थासह वाचावेत आणि 9999 पर्यंतच्या संख्या हाताळाव्यात असं आहे. 2021 मध्ये मोहीम सुरू झाली, मुदत 2026-27 ची. लक्ष्य आणि वास्तव यांच्यातलं अंतर गुरुजींना आकड्यांवाचून ठाऊक असतं.

अंतर बुजवण्याचा एक प्रयोग आपल्याच मुंबईत झाला आणि जगभर गाजला. 2001 ते 2003 या काळात ‘प्रथम’नं मुंबई आणि वडोदऱ्याच्या पालिका शाळांत ‘बालसखी’ नेमल्या. वस्तीतल्याच शिकलेल्या तरुणी. तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या मुलांना त्या रोज सुमारे दोन तास वर्गाबाहेर घेऊन बसत आणि जिथं मूल अडलं असेल तिथून सुरू करत. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रयोगाचं मोजमाप केलं. मुलांचे गुण वाढले. पुढे 2019 मध्ये दोघांना नोबेल मिळालं. त्यातली मुख्य युक्ती नवी नव्हती. मुलाची पायरी बघायची, वय किंवा इयत्ता नाही. पंतोजीला हे जमत होतं. त्यानं शाळा मूठभरांसाठी चालवली म्हणून जमत होतं, हेही खरं.

चौथीबद्दल बोलायचं तर शिवाजी महाराज. 1970 पासून या इयत्तेच्या इतिहासाच्या पुस्तकात शिवचरित्र आहे. त्यात फेरफार करायचा प्रयत्न झाला की वाद उठतात, अभ्यासक्रम बदलले तरी ते पुस्तक राहतं. कालक्रमाच्या दृष्टीनं ही मांडणी उफराटी आहे. मूल आधी 1630 आणि 1674 शिकतं, आणि अश्मयुग, स्थिर जीवनाची सुरुवात, नागरी संस्कृती हे पाचवीत. पण नऊ वर्षांच्या मुलाला उत्क्रांतीपेक्षा प्रतापगड आधी कळतो, यात शंका नाही. इतिहासाची गोडी लागणं हे कालरेषेपेक्षा महत्त्वाचं. या एका पुस्तकानं मराठी मुलाला सलग, मोठी, नायक असलेली कहाणी वाचायची सवय लावली. अट एकच, त्याला वाचता आलं पाहिजे.

पाचवी कुणाची हे आजही नक्की नाही. शिक्षणहक्क कायद्यानुसार प्राथमिक म्हणजे पहिली ते पाचवी. आपल्याकडे जुनी रीत चौथीपर्यंतची. त्यामुळे कुठं पाचवी जिल्हा परिषदेच्या शाळेत, कुठं गावाबाहेरच्या हायस्कुलात. 1954-55 पासून चालत आलेली चौथीची स्कॉलरशिप 2017 मध्ये पाचवीत गेली आणि आता पुन्हा चौथीत आणायचं ठरलं आहे. पाचवीत हिंदी सुरू होते. गणित रोमन अंकांपासून निघतं आणि दशांश अपूर्णांकांपर्यंत जातं. 2023-24 पासून पाचवीत वार्षिक परीक्षा परतली आहे, नापास झालेल्याला फेरपरीक्षा. तिसरीत जे हुकलं ते असं दोन वर्षांनी निकालपत्रावर उमटतं, आणि तोवर सगळेच म्हणतात, मुलगा अभ्यास करत नाही.

नव्या राष्ट्रीय धोरणानं पायाभूत टप्पा दुसरीअखेर संपवला आहे, तिसरी ते पाचवी हा पुढचा टप्पा. सीमा नेमकी तिथंच आखली गेली, पण सीमेवर चौकी नाही. ती बसवायला नवं पुस्तक लागत नाही. शाळा उघडल्यावर पहिल्या पंधरवड्यात तिसरीच्या प्रत्येक मुलाला जवळ बसवून एक गोष्ट वाचायला द्यायची. एका मुलाला पाच-सात मिनिटं. निकाल वर पाठवायचा नाही, कारण वर गेलेले आकडे सुधारून खाली येतात. जे अडतील त्यांच्यासाठी दिवाळीपर्यंत रोज एक तास वाचायला शिकवण्याचा, परिसर अभ्यास तोंडी चालू ठेवून. द्विशिक्षकी शाळेत हा तास कुणी घ्यायचा, हा खरा प्रश्न आहे. तिथं पहिली ते चौथी दोन खोल्यांत असते, आणि एका गुरुजींच्या हातात बहुतेक वेळा मतदार यादीचं काम असतं.